केंटमधलं जुनं फार्महाऊस घ्यायचंय? आधी माळ्यावर चढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आग्नेय इंग्लंडमधल्या केंट परगण्याच्या वील्ड नावाच्या भागात एक फार्महाऊस तुम्हाला दोघांनाही आवडलंय, एजंट म्हणतो पंधराव्या शतकातलं आहे पण समोरून बघितलं तर विटांचं, खिडक्या एका रेषेत, फार तर अडीचशे वर्षांचं वाटतं, आत मात्र जिकडेतिकडे काळे बीम, वरच्या खोल्यांची जमीन तिरकी, एका भिंतीला ओल, आणि बीम जुन्या जहाजांचे आहेत असंही कोणीतरी सांगितलं. मग खरं काय, घ्यावं का आणि किचन मोठं करता येईल का.

मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे, शिक्षण पुण्यात झालं आणि त्यानंतरचं बहुतेक सगळं काम केंट-ससेक्समधल्या अशाच लाकडी सांगाड्याच्या घरांवर झालंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे एजंट आणि तुमचे डोळे, दोघंही बरोबर असू शकतात. या भागात विटांच्या तोंडामागे त्याहून तीनशे वर्षं जुना ओकचा सांगाडा उभा असणं अगदी नेहमीचं आहे. अठराव्या शतकात लाकडी घर जुनाट वाटायला लागलं, शेतकऱ्याकडे पैसा होता, मग अख्खं घर पाडण्यापेक्षा समोरची बाजू तेवढी विटांनी बांधून घेतली किंवा वरच्या मजल्यावर बाहेरून कौलं टांगली, की झालं नवं घर. त्यामुळे समोरून वय ठरवू नका. किचन, बाथरूम, अंगण सगळं नंतर बघा, आधी एजंटला सांगून माळ्यावर चढा, चांगला टॉर्च घेऊन.

माळ्यावर काय बघायचं ते कळायला आधी मूळ घर कसं होतं ते डोळ्यासमोर आणावं लागेल. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची प्रचंड माणसं मेली, मजुरी महागली, जमीन मोकळी झाली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत या भागातल्या स्वतःची शेती असलेल्या मधल्या शेतकऱ्यांच्या हातात चांगला पैसा आला. तेव्हा त्यांनी जी घरं बांधली त्यातला इथला खास प्रकार म्हणजे वील्डन हॉल हाऊस. मधे हॉल, म्हणजे जमिनीपासून थेट छपरापर्यंत एकच उंच खोली, वर मजला नाही आणि धुराडंही नाही. जमिनीवर मधोमध आग पेटवायची, धूर वर चढायचा आणि कौलांच्या फटींतून, छपराच्या टोकांना ठेवलेल्या छोट्या त्रिकोणी झरोक्यांतून बाहेर जायचा. खिडक्यांना काच नाही, नुसते उभे लाकडी गज आणि आतून झडपा. हॉलच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामधून आरपार जायची वाट, तिच्या पलीकडे दोन छोट्या खोल्या, एक खाण्याच्या सामानाची आणि एक पेयांच्या पिंपांची. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मालकाचं टेबल, त्याच्यामागे मालकाची खाजगी खोली आणि तिच्यावर झोपायची. दोन्ही टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीच्या पुढे आलेले असायचे, मधला हॉल मागे राहायचा, पण छप्पर मात्र सगळ्यावर एकच सरळ, त्यामुळे हॉलसमोर छपराची कड हवेत लटकते आणि तिला दोन्हीकडून वाकडे लाकडी टेकू दिलेले असतात. एकदा बघितलं की परत विसरत नाही असं ते रूप आहे.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर ससेक्समधे सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलँड म्युझियममधे जा, तिथे बेलीफ नावाचं फार्महाऊस आहे. ते मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाव बीचचं धरण होणार म्हणून १९६८-६९ मधे सांधा सांधा सोडवून काढलं आणि म्युझियममधे परत उभं केलं. हॉल आणि सामानाच्या खोल्या १४०५ ते १४३० च्या दरम्यानच्या, पण मालकाच्या बाजूचं टोक १५०५-१० च्या सुमाराचं, म्हणजे ज्याला आपण 'एक जुनं घर' म्हणतो त्याच्याही दोन भागांत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर! जवळच पेंडीन नावाचं १६०९ चं फार्महाऊस आहे, त्यात मधोमध विटांचं मोठं धुराडं आणि सगळीकडे दोन मजले. ही दोन्ही घरं एकाच दिवशी बघा, दोनशे वर्षांत शेतकऱ्याचं राहणं किती बदललं ते पुस्तकं वाचून कळत नाही एवढं तिथे कळतं. अल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाऊससुद्धा जमलं तर बघा, तेही याच प्रकारचं, चौदाव्या शतकातलं, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने विकत घेतलेली ती पहिली इमारत, १८९६ मधे फक्त १० पौंडांना.

आता तुमच्या घराच्या माळ्यावर या. वासे काळे आहेत का बघा, आणि नुसते जुनेपणाने काळपट नाही, तर काजळी बसलेले, हात लावला तर बोट काळं होईल असे. मधल्या भागातले वासे काजळलेले आणि दोन्ही टोकांचे स्वच्छ असतील तर समजा की मधे उघडा हॉल होता, आणि मग पंधराव्या शतकाचा दावा विचार करण्यासारखा आहे. याहून पक्की खूण म्हणजे हॉल आणि टोकाच्या खोल्यांमधली लाकडी भिंत छपरापर्यंत गेलेली असते, तिची हॉलकडची बाजू काजळलेली आणि पलीकडची कोरी. मला आजही अशी भिंत दिसली की दोन मिनिटं काही बोलवत नाही, कारण ती काजळी म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी तिथे शिजलेल्या जेवणाची आहे. ती पुसू नका, कोणाला साफ करू देऊ नका. छपराच्या मधल्या आडव्या तुळईवर एक उभा खांब असेल, वरती चारी बाजूंना फाटे फुटलेला, त्याला क्राउन पोस्ट म्हणतात. त्याच्यावर कोरीव कड असेल तर तो खालून, हॉलमधे बसून दिसावा म्हणून घडवलेला आहे. आज तो पाण्याच्या टाकीशेजारी अंधारात उभा असतो कारण नंतर मधे मजला घातला.

हा नंतरचा मजला आणि धुराडं, हीच घराची सगळ्यात मोठी उलथापालथ. साधारण १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यांत एवढी बांधकामं झाली की इतिहासकार त्याला ग्रेट रीबिल्डिंग म्हणतात. वीट आवाक्यात आली, विटांचं धुराडं बांधलं, धूर कोंडला, मग उंच हॉल रिकामा ठेवायची गरजच उरली नाही, मधे तुळया टाकून वर खोल्या काढल्या. धुराडं बऱ्याचदा त्या आरपार वाटेतच किंवा तिला लागून बांधलं, म्हणून अशा काही घरांत पुढच्या दारातून आत आलं की समोर थेट विटांची भिंत येते आणि डावीकडे किंवा उजवीकडे वळावं लागतं. तुमच्या दिवाणखान्यात तुम्ही लिहिलंय तशी माणूस उभा राहील एवढी मोठी शेकोटी आहे ना, ती याच काळातली असण्याची शक्यता जास्त. तिच्यावरच्या जाड आडव्या लाकडावर आतल्या-बाहेरच्या बाजूने नीट बघा, कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं किंवा थेंबाच्या आकाराचे जळके डाग सापडतील. ते डाग मेणबत्ती चुकून लागल्याचे मानले जायचे, पण त्यातले बरेच मुद्दाम ज्योत धरून केलेले आहेत, घराला आगीपासून आणि वाईट शक्तींपासून राखण्यासाठी, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.

समोरच्या खोल्यांत आणखी एक खूण बघा. पुढच्या भिंतीपासून दीड-दोन फूट आत, छताला भिंतीला समांतर एक भक्कम बीम जातोय का, आणि त्याच्या खालच्या बाजूला रिकाम्या खाचा आहेत का. असेल तर तो मूळच्या पुढच्या भिंतीचा माथा आहे. वरचा मजला पुढे आलेला होता, नंतर खालची भिंत पुढे सरकवून विटांनी भरून घेतली. आणि खाचा चौकटच्या आकाराच्या, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारख्या तिरक्या असतील तर तिथे बिनकाचेच्या खिडकीचे गज होते. मला तुमचं घर न बघता सांगता येणार नाही, पण या तीन-चार गोष्टींचे फोटो काढलेत तर कोणीही जाणकार तुम्हाला पन्नास वर्षं इकडेतिकडे वय सांगू शकेल. नेमकं साल हवं असेल तर डेन्ड्रो, म्हणजे लाकडाच्या वार्षिक वर्तुळांवरून झाड कधी तोडलं ते काढतात. त्यासाठी सालीलगतचा भाग शिल्लक असावा लागतो आणि वर्तुळं निदान पन्नासच्या वर लागतात. शेताच्या कडेला भराभर वाढलेल्या ओकमधे तेवढी मिळत नाहीत, म्हणून काही घरांत नमुने घेऊनही साल लागत नाही. हल्ली स्वान्सी युनिव्हर्सिटीत वर्तुळांतल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून साल काढतात, त्याने अशी अडलेली काही घरं सुटलीत.

जहाजाचे बीम, हे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकवलं जातं आणि जवळजवळ कधीच खरं नसतं. सुतार ओक ताजा, ओला असतानाच वापरायचे कारण सुकलेला ओक पोलादासारखा कडक होतो, त्यात खाच पाडणं म्हणजे हत्यारांचा सत्यानाश. बेताची झाडं शेजारच्याच रानातून तोडायची, आवारात सांगाडा आडवा जुळवून बघायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सोडवून जागेवर उभा करायचा आणि ओकच्याच खुंट्या ठोकायच्या. त्या खुणा आजही दिसतात. वाकडी लाकडं बघून लोकांना जहाज आठवतं, पण ती मुद्दाम वाकड्या झाडांतून निवडलेली असतात, टेकूसाठी. रिकाम्या खाचा असतात त्या एकतर काढून टाकलेल्या भिंतीच्या किंवा आधीच्या एखाद्या जुन्या घरातून, कोठारातून परत वापरलेल्या लाकडाच्या. जहाजाचं लाकूड खरंच वापरलेली इमारत आहे, हॅम्पशरमधे विकमला १८२० ची चेसापीक मिल, अमेरिकेकडून १८१३ मधे पकडलेल्या त्याच नावाच्या युद्धनौकेच्या लाकडाची. पण ती समुद्राजवळची आणि चारशे वर्षं नंतरची गोष्ट. वील्डच्या चिखलाच्या रस्त्यांवरून, भोवती सगळं ओकचं रान असताना, कोण कशाला बंदरावरून लाकूड ओढत आणेल?

तिरक्या जमिनीची भीती मला समजते पण बहुतेक वेळा ती अनाठायी असते. ओला ओक घर बांधल्यावर सुकला, आक्रसला, पिळवटला, आणि सांगाडा पहिल्या काही वर्षांतच आपापल्या जागी बसला. नंतर कोणी मधे मजला घातला, कोणी दारासाठी टेकू कापला, त्याने आणखी थोडा सरकला. पाचशे वर्षांपूर्वीचा तिरकेपणा हा दोष नाही, चालू असलेली हालचाल हा दोष आहे. फरक कसा ओळखायचा तर दारांच्या वरच्या कडा वेगवेगळ्या वेळी तासलेल्या आहेत का, अलीकडच्या रंगावर नवी भेग उमटलीये का, सांध्यातून कुसू, म्हणजे खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक, बाहेर येतोय का आणि उघडं पडलेलं लाकूड ताजं दिसतंय का. जॅक लावून घर सरळ करून देतो म्हणणारा बिल्डर भेटला तर त्याला नम्रपणे निरोप द्या, सरळ करायच्या नादात खुंट्या तुटतात आणि प्लॅस्टर निखळतं.

ओलीचं मात्र गंभीरपणे घ्या, माझ्या मते तुमच्या खरेदीचा खरा निर्णय तिथे आहे. या घरांच्या भिंती म्हणजे ओकच्या चौकटी आणि त्यांच्यामधे फोडलेल्या काठ्यांचं विणकाम, त्यावर माती, पेंढा, शेण यांचं लिंपण आणि वरून चुन्याचा गिलावा. कोकणातल्या कारवीच्या कुडाची भिंत ज्यांनी बघितलीये त्यांना हे लगेच कळेल, तत्त्व तेच. अशी भिंत पाऊस झाला की थोडी ओली होते आणि वारा लागला की सुकते, तिचं सगळं आयुष्य या सुकण्यावर चालतं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, आणि विसाव्या शतकात लोकांनी अशा घरांवर सर्रास सिमेंटचा गिलावा चढवला, वरून प्लॅस्टिकचा रंग दिला. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, त्यामुळे लाकडालगत केसासारखी भेग पडते, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाटच नाही. बाहेरून भिंत टकाटक दिसते आणि आत सांगाड्याचं सगळ्यात खालचं आडवं लाकूड, ज्याला सोल प्लेट म्हणतात, ते भुसा झालेलं असतं.

म्हणून ओल्या भिंतीच्या बाहेर जाऊन बघा. फुलांच्या वाफ्याची माती किंवा फरसबंदी सोल प्लेटच्या वर आलीये का, गटर तुटलंय का, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो का. मालकाची परवानगी असेल तर सर्व्हेयर बारीक टोच्याने लाकूड तपासेल, दोन-तीन मिलिमीटर गेलं तर ठीक, आरपार गेलं तर मोठं काम आहे. विजेवर चालणारं डॅम्प मीटर लावून 'जमिनीतून ओल चढतेय, भिंतीत केमिकल इंजेक्शन द्या' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ती मीटरं लाकडासाठी बनवलेली आहेत आणि जुन्या भिंतीतल्या क्षारांनीही ती लाल दाखवतात. बऱ्याच घरांत उपाय अगदी साधा निघतो, बाहेरची माती खाली घ्या, गटर दुरुस्त करा, सिमेंट काढा, चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी करा, आणि वर्षभर थांबा. चुना थंडीत लागत नाही, पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर बाहेरचं काम करायचं नाही, म्हणून हे एप्रिल ते सप्टेंबरचं काम समजा आणि ऑफर देतानाच तसा वेळ धरा. आतली जुनी विटांची जमीन उखडून खाली प्लॅस्टिक आणि काँक्रीट टाकायचा सल्ला मिळेल, तोही ऐकू नका, जमिनीतली ओल मग भिंतींकडे सरकते.

लाकडाला छिद्रं दिसली की लोक घाबरतात. एक-दोन मिलिमीटरची छिद्रं साध्या किड्याची, तो सालीलगतच्या मऊ भागातच राहतो आणि बऱ्याचदा शंभर वर्षांपूर्वीच गेलेला असतो. तीन मिलिमीटरची असतील तर डेथवॉच बीटल, वसंतात डोकं लाकडावर आपटून टकटक आवाज करतो, आणि त्याला ओला, बुरशी लागलेला ओकच लागतो. म्हणजे तोही शेवटी पाण्याचाच प्रश्न, फवारणीपेक्षा लाकूड कोरडं करणं महत्त्वाचं. काळ्या बीमबद्दल एवढंच की तो काळा रंग बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा असतो, मूळ ओक या भागात तसाच रुपेरी ठेवायचे किंवा त्यावरूनही चुना फिरवायचे. रंग काढायला सँडब्लास्टिंग मात्र अजिबात नको, सुताराच्या खुणा, हत्यारांचे वळ, सगळं एका दुपारी उडून जातं आणि परत येत नाही.

आता कायदा आणि किचन. असं घर बहुधा लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत असणारच, बहुतेक ग्रेड टू, म्हणजे यादीतल्या सगळ्यात सामान्य दर्जाचं. लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भाग असा गैरसमज आहे, आत, बाहेर, मागचं शेड, सगळं येतं, आणि आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या इमारतीसुद्धा बहुधा त्यात येतात. यादीतलं वर्णन चार ओळींचं असतं आणि आतलं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून आतलं बदलायला मोकळीक आहे असं नाही. परवानगीशिवाय केलेला बदल हा गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम दुरुस्त करायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, त्याला कालमर्यादा नाही. तुमच्या सॉलिसिटरला प्रत्येक बदलाचा, विशेषतः आधीच्या मालकांनी काढलेल्या भिंती, नव्या खिडक्या, माळ्यावरच्या खोल्या यांचा परवानगीचा कागद मागायला सांगा. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो तोही हिशोबात धरा. माळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, छपराचं काम त्यांच्या वेळापत्रकाने होईल.

किचन मोठं करायला हॉल आणि सामानाच्या खोल्यांमधली लाकडी भिंत काढायची कल्पना तुम्ही लिहिलीये, ती सोडून द्या. परवानगी मिळण्याची शक्यता फार कमी, आणि मिळाली तरी मी करू नका असंच म्हणेन, कारण त्याच भिंतीत बहुधा शेजारी शेजारी त्या दोन सामानाच्या खोल्यांची मूळची दारं असतील, आणि ती भिंत गेली की घर कसं होतं हे सांगणारी जागाच जाते. त्याऐवजी मागे उतरत्या छपराचा जो नंतरचा भाग आहे तिथे किचन न्या, तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला असेल तर तिथे अधिकारी जास्त मोकळेपणाने बोलतात, आणि छोटी काचेची जोड देऊन मागच्या बाजूला वाढवताही येतं. तसंही हॉल हाऊसच्या काळात या घरांचं मोठं स्वयंपाकघर बऱ्याचदा वेगळ्या इमारतीतच असायचं. आपल्या स्वयंपाकात वाफ आणि फोडणीचा धूर भरपूर, त्यामुळे हवा थेट बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमधे दाखवा, नाहीतर ती वाफ थंड भिंतींवर जमते. गरम राहण्यासाठी फोमच्या शीट लावू नका, माळ्यावर मेंढीची लोकर किंवा लाकडाच्या तंतूंचं इन्सुलेशन आणि जुन्या खिडक्यांच्या आतून दुसरी काच एवढ्याने बराच फरक पडतो.

तर घ्यावं का? माळ्यावर काजळलेले वासे मिळाले, सोल प्लेट निम्म्याहून जास्त शाबूत असली आणि बदलांचे कागद असले तर मी घेईन म्हणेन, ओल असूनही. सांगाडा कुजलाय आणि मालक सिमेंट उघडून बघू देत नाही अशी परिस्थिती असेल तर किंमत कितीही उतरली तरी थांबा. लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सविस्तर तपासणी, करून घ्या, पण सर्व्हेयर बँकेच्या यादीतून घेऊ नका, लाकडी सांगाड्याच्या घरांचा आणि कॉन्झर्वेशनचा अनुभव असलेला शोधा, स्पॅब, म्हणजे विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मधे काढलेली जुन्या इमारती जपणारी संस्था, तिच्याकडे सल्ल्यासाठी फोन करता येतो. आणि दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा ऊन बघून जाऊ नका, धो धो पाऊस चालू असताना जा, छत्री घेऊन घराभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि पाणी कुठून पडतंय, कुठे साचतंय त्याचा व्हिडिओ काढून सर्व्हेयरला आधीच पाठवा.